लुगड्याचे रंग

शिवलीला सोलापुरात घरबसल्या वेबसाइट बनवायची. ती ज्यात कोड लिहायची तो एडिटर हलका, फुकटातला आणि कुणीही आपली भर घालावी असा होता. काळ्या पडद्यावरच्या कोडला तिनं सासूबाई निंगव्वांच्या इरकली लुगड्याचे हिरवे-तांबडे रंग दिले. एडिटर बनवणाऱ्या मंडळींना तिनं ते पाठवले, आणि त्यांना ते इतके आवडले, की त्यांनी ते सगळ्यांसाठी ठेवून घेतले.

"अत्ती, तुमच्या लुगड्याचे रंग आता परदेशातली माणसंबी वापरायलेत," ती भीत भीत म्हणाली.

सख्ख्या जावेलाही कधी लुगडं नेसायला न देणाऱ्या निंगव्वा ताडकन उठल्या.

"कुटल्या लुगड्याचे?"

"हेच, आत्ता नेसलंय ते."

"ह्ये? अगं, ह्ये तर रोजचं हाय!" निंगव्वांनी ट्रंक उघडली. "लोकांना द्यायचं तर लग्नातलं द्यावं की!"