मनोहरकाकांचं पहिलं मत

गावसभेच्या मॉडरेटरने हातोडा आपटला तेव्हा मनोहरकाका मनाने तीनशे वर्षं मागे होते.

मीटिंगहाउसच्या उंच खिडक्यांतून एप्रिलचं ऊन येत होतं. हे ज्यांनी बांधलं, ती माणसं आपल्या पद्धतीने देवाला आळवता यावं म्हणून समुद्र ओलांडून आली होती. आधी प्रार्थना, मग इथेच बसून, हात वर करून गावाचा कारभार. वेगळी प्रार्थना करणाऱ्यांना मात्र ती वेशीबाहेर काढत. सिटिझनशिपची तयारी करून घेताना हे सगळं शेजारच्या ऋषीनेच शिकवलं होतं. शेवटचं तेवढं परीक्षेत विचारलं नाही.

गेल्या महिन्यात काकांचं गंगेत घोडं न्हालं. गावात तेवीस वर्षं काढल्यावर आज हातात मतदाराचं पिवळं कार्ड आलं होतं. ऋषी व्हिसावरचा, म्हणून पुढे, मत नसलेल्यांच्या बाकावर. त्याच्या आसावरीला सातवा महिना होता आणि राहायला एक ओलसर तळघर. बंद पडलेल्या शाळेत भाड्याची घरं करायचा ठराव पास झाला, तर त्यांना इथे घर मिळणार होतं. नाहीतर गाव सोडायचं.

"काका, आपल्याकडे एकच व्होट आहे. तुमचं," गाडी पार्क करताना तो म्हणाला होता.

रस्त्यापलीकडच्या घरातल्या डोरोथीने पर्स उचलून आपल्या बाकावर जागा केली. "इथे बसा. आता तुम्ही आमच्यातले."

तेवीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. काकांना भरून आलं. मग भाषणं झाली. दुपारच्या डुलकीत ऐकू यावीत तशी ती लांबून येत होती. गर्दी वाढेल. वर्ग भरतील. आपलं गाव आपलं राहणार नाही. 'आपलं' हा शब्द काकांना फार गोड लागला. ठरावाच्या बाजूची कार्डं मोजून झाली, तरी ते उन्हाकडेच बघत होते.

"विरोधात कोण?"

डोरोथीचं कार्ड वर गेलं. आजूबाजूच्यांची गेली, मागच्यांची गेली. पंगतीत सगळे जेवायला लागले की आपलाही हात ताटाकडे जातो, तसा काकांचा हात वर गेला.

ठराव एका मताने पडला.

मोजणी होईपर्यंत मागे वळून बघायचा ऋषीला धीर झाला नव्हता. आता तो बाकांमधून वाट काढत आला आणि त्याने काकांना घट्ट मिठी मारली.

"जाऊ दे, काका. तुम्ही होतात ना आमच्या बाजूने. आसावरीला तेवढं सांगतो."