एकशे चाळीस

नर्सिंगला असलेल्या प्रणितानं गरोदर बाईच्या पोटावर ठोके ऐकायचा कर्णा टेकवला, कान लावला, आणि नेहमीसारखं तिला स्वतःचंच काळीज धडधडताना ऐकू आलं. प्रसूती वॉर्डातला तिसरा आठवडा होता. पोटातल्या बाळाचे ठोके तिला एकदाही ऐकू आले नव्हते. दरवेळी वहीत मिनिटाला एकशे चाळीस लिहून ती मोकळी व्हायची.

मागून, वही चाळणाऱ्या शिकवायच्या मॅडमचा आवाज आला. “एकोणीस बाळं, आणि झाडून सगळ्यांचे ठोके एकशे चाळीस?”

प्रणितानं कान उचलला. “मला ऐकूच येत नाही, मॅडम. कोर्स सोडून चाललेय मी. शनिवारी बाबा न्यायला येणारेत.”

मॅडम काही बोलायच्या आत खाटेवरची बाईच हसली. “अगं, लाथा डावीकडं मारतंय आन् तू बी तिथंच ऐकतीस? पाठ हिकडं हाय त्याची.” तिनं प्रणिताचा हात धरून कर्णा उजवीकडं, बेंबीखाली नेला.

प्रणितानं श्वास रोखला. आधी काहीच नव्हतं. मग फार लांबून, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक आली. पुस्तकातली हीच उपमा तिनं परीक्षेत लिहिली होती. पण ही टिकटिक घाईत होती, कुठेतरी निघाल्यासारखी. अजून नाव नसलेलं कुणीतरी अंधारात इमानेइतबारे आपलं काम करत होतं. तिच्या अंगावर काटा आला.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट उलटलं, दुसरंही. “किती आले?”

प्रणितानं मान वर केली. डोळे डबडबले होते. “मोजायचंच राहिलं,” ती म्हणाली, आणि न विचारता पुन्हा कान टेकवला.