पाच सीसी

व्हर्ल हॉस्टेटलरने बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन इतकं तापलेलं होतं की हातमोज्यातूनही चटके बसत होते. थांबायची सोय नव्हती. गटात पहिला आलेल्याने गाडी शर्यतीच्या पट्टीवरून थेट तपासणीच्या शेडमध्ये आणायची आणि स्वतःच्या हाताने इंजिन उघडून दाखवायचं, असा इथला नियम. आतलं सगळं नियमाच्या मापात निघालं तर चषक त्याचा. नाही निघालं तर त्याच्याकडून हरलेल्याचा.

हरलेला लमार गॉसेट समोरच घडीची खुर्ची टाकून बसला होता. हिरवा दिवा लागायच्या आत गाडी सोडली म्हणून तो बाद झाला होता. त्याच्या हातात पाव होता आणि पावाच्या चारी बाजूंनी डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा लोंबत होता. त्याच्या मागे आणखी आठ-दहा खुर्च्या. इंडियानात दुसऱ्याचं इंजिन उघडताना कोणी उभ्याने बघत नाही.

"सावकाश कर, व्हर्ल," लमार म्हणाला. "बावीस वर्षांनी जिंकलास. आता घाई कसली?"

"तो कुठे जिंकलाय? तू हरलायस," मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. लमारने पावाचा मोठा घास घेतला.

बर्नडीन नवऱ्याने मागायच्या आत पान्हा त्याच्या हातात ठेवत होती. निघालेला प्रत्येक बोल्ट केकच्या साच्यातल्या आपापल्या वाटीत जात होता. दर जानेवारीत गॅरेजमध्ये दोघं हेच करत. ती स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायची, तो इंजिन उघडायचा. शर्यतीचा सराव त्यांनी फारसा केला नव्हता. तपासणीचा मात्र बावीस हिवाळे केला होता.

तपासनीस ओटिस पकेट चष्मा नाकावर ओढून आला. "डावीकडचं हेड," एवढंच म्हणाला.

पन्नास मिनिटांत हेड, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं लोखंडी झाकण, टेबलावर आलं. ओटिसने वाल्व मोजले, स्प्रिंगा मोजल्या, मान हलवली. मग हेड उलटं ठेवून त्याच्या तळातल्या पहिल्या खळग्यावर काचेची चकती बसवली आणि चकतीच्या भोकातून नळीने लाल पाणी सोडायला लागला. हेडचा तळ घासून हा खळगा जितका लहान करावा, तितकी गाडी जोरात. म्हणून तो सत्तर सीसीपेक्षा लहान नसावा, असा नियम. त्या शेडमधल्या प्रत्येक माणसाचा खळगा सत्तर आणि वर केसभर होता.

व्हर्लने डोळे मिटून घेतले. बर्नडीनने त्याचा काळाकुट्ट पंजा घट्ट धरला.

"सत्तर झाले?" लमारने विचारलं.

"झाले."

"मग भरला?"

"नाही."

लमार चावायचा थांबला. ओटिसने आणखी पाणी सोडलं. चकती उचलून कुठे गळतंय का पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून भरलं. मग दुसरा खळगा भरला. मग चष्मा काढून पुसला.

"पंचाहत्तर," तो म्हणाला. "दोन्ही."



"नियमात बसतं ना?" व्हर्लने डोळे न उघडताच विचारलं.

"बसतंय कसलं, लोळतंय!" ओटिस म्हणाला. "अरे बाबा, एवढा मोठा कशासाठी ठेवलास?"

"हेड घासणारा कारागीर सत्तरच करणार होता. मी म्हटलं, थोडं राहू दे. मोजताना तुमचा हात हलला तर?"

"माझा हात हलत नाही."

"ते मला कसं कळणार? मी आजवर इथे आलोच नव्हतो."

खुर्च्यांमधून असं हसू फुटलं की पलीकडच्या शेडमधली माणसं डोकावून गेली. ओटिसही हसला. "पाच सीसी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, व्हर्ल. दर शर्यतीला तू तो दान करत होतास."

बर्नडीनने हातातला पान्हा खाली ठेवला.

"गेल्या वर्षी आपण सेकंदाच्या चार शतांशांनी हरलो," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी तीन."

"बर्नडीन."

"त्याच्या आधी सहा. तेव्हा समोर लमारच होता."

"बर्नडीन, जिंकलोय आपण."

ओटिसने कागदावर सही केली, व्हर्लचा हात हातात घेऊन जरा जास्त वेळ हलवला आणि निघून गेला. खुर्च्या मिटल्या. माणसं एकमेकांना 'पंचाहत्तर' सांगत पांगली.

लमार तेवढा मागे राहिला. त्याने उरलेला पाव कागदात गुंडाळला, हात पँटला पुसले आणि व्हर्लशेजारी जमिनीवर गुडघे टेकले. व्हर्ल स्टुलावर बसला होता. हेड त्याने मांडीवर घेतलं होतं आणि त्याचा अंगठा त्या खळग्यातून हळूहळू फिरत होता.

"काय सुंदर हेड आहे रे," लमार म्हणाला. "असल्या वस्तूला कानस लावणं पाप आहे."

व्हर्लचा अंगठा फिरतच राहिला.

"खरं सांगतो, मी तर सत्तरवर ठेवून पस्तावलोय. तपासणीच्या आदल्या दिवशी घास उतरत नाही. तुझं बरं आहे, निवांत." त्याने पान्हा उचलला. "चल, बसवून टाकू. होतं तस्संच. बोल्ट मी आवळतो, तू दमलायस."

बर्नडीन नवऱ्याकडे बघत होती.

"दे ना," लमारने दोन्ही हात पुढे केले. "पंचवीस किलोचं धूड आहे ते. मांड्या बधिर होतील तुझ्या."

"राहू दे रे," व्हर्ल म्हणाला. "मला काही जड वाटत नाहीये."