घरची डागणी

माळावरच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या रँचवाल्यांनी लॉवेलच्या शवपेटीवर आपापल्या गुरांवर देतात तो खुणेचा डाग तापल्या डागणीनं उमटवला. घरची डागणी अजून विस्तवात होती. “लॉवेल खरा काउबॉय!” पाद्री म्हणाले. “घोडा आणि आभाळ, दुसरं कुणी लागलंच नाही त्याला. शेवटचा डाग आईनंच द्यावा. हा मान घरच्यांचा.” मागे रॉइस टोपी छातीशी धरून उभा होता. तीस वर्षं तो लॉवेलसोबत एका छपराखाली राहिला. चर्च त्याला पापी म्हणे, गाव गडी. आईही रोज पहाटे गुडघे टेकून देवाकडे मुलासाठी बायकोच मागायची. तिनं डागणी उचलली. “एकटा कसला, पाद्रीबाबा? देवानं सोबत दिली होती की. मीच मागत राहिले. धर, रॉइस.” “बाई, लोक बघताहेत.” “बघू देत. लोखंड निवतंय.” त्यानं डागणी धरली. त्याच्या हातावर तिनं आपला ठेवला. “दाब, लेका. वरवर डागलं तर पुसलं जातं.”