सुभद्राबाईंची लेव्हल

“निल्या, माझा गेम कुठे गेला रे?”

निलेश मोरीपाशी दाढी करत होता. हाक ऐकली आणि त्याचा हात गालावरच थांबला. साबणाच्या तोंडाने तो तसाच लॅपटॉपपाशी आला. सुभद्राबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरची यादी कोरी. गेमचं नाव त्यांना कधी टाइप करता आलं नव्हतं. आदल्या दिवशी काय काय उघडलं होतं त्याची यादी काढायची आणि त्यात रंगीत बुडबुड्यांचं चित्र शोधून तिथे दाबायचं, एवढीच त्यांना वाट माहीत होती.

आणि नेमकी तीच वाट निलेशला नडली होती. पंधरा दिवस तो त्याच लॅपटॉपवर लालबागची ही खोली विकायची खटपट करत होता आणि डोंबिवलीचे फ्लॅट बघत होता. आईला सौदा पक्का झाल्यावरच सांगायचं, असं त्याचं आणि त्याच्या बायकोचं, वैशालीचं, ठरलं होतं. म्हणजे काय रडारड व्हायची ती एकदाच होईल. काल आई भाजीला खाली उतरली, तेव्हा यादीत ते तिच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने सगळं पुसून टाकलं. घाईघाईत, होत्या नव्हत्या तेवढ्या चौकटींवर टिक करून.

“थांब, उघडून देतो,” तो म्हणाला. गेम उघडला. बुडबुडे आले, गाणं वाजलं आणि कोपऱ्यात आकडा आला. लेव्हल एक.

“हा माझा नाही. मी सहाशेच्या पुढे आहे.”

आपल्या भानगडींबरोबर आईच्या लेव्हलही पुसल्या जातील, हे निलेशच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तसं पाहिलं तर सहाशेच्या पुढे पोचलेली बाई त्या चाळीत दुसरी नव्हती. गेमच्या बाबतीत सुभद्राबाईंचा शब्द शेवटचा. शेजारच्या मीराबाई नवा गेम सापडला की आधी यांच्यापुढे आणायच्या आणि बहुतेक वेळा पडेल तोंडाने परत न्यायच्या. घड्याळ लावलेला गेम सुभद्राबाईंना चालत नसे. “जन्मभर गिरणीच्या भोंग्यावर डबे भरले, आता खेळायची पण घाई?” समोर दुसरा माणूस असलेला तर नकोच, ओळख ना पाळख, त्याला हरवून काय मिळवायचं? जीव संपला की पैसे मागणाऱ्या गेमचा तर त्या उद्धारच करायच्या. “शिरा पडो त्याच्या तोंडावर. जीव काय बाजारात मिळतो?” बर्फात कुडकुडणारी बाई दाखवून खेळायला बोलावणारी जाहिरात आली, की त्या मान फिरवत. सगळ्यांतून पसंत पडला तो हा एकच. हा मागे लागत नाही, पैसे मागत नाही, हरलं तरी पाणउतारा करत नाही, आणि मध्येच उठून कुकर लावून आलं तरी होतो तिथेच थांबलेला असतो, असं त्यांचं मत होतं.

“मीच कायतरी दाबलं असणार,” सुभद्राबाई म्हणाल्या. “हल्ली धड दिसत नाही मेलं. तुझ्या ऑफिसचं काय गेलं नाही ना रे?”

“नाही गं.”

“बघ नीट. माझ्या खेळापायी तुझं कायतरी जायचं.” आणि त्यांनी दोन्ही हात लॅपटॉपवरून उचलून पदरात घेतले.

ते पदरातले हात निलेशला बघवेनात. त्याला स्वतःची लाज वाटली. गालावरचा साबण वाळून चरचरायला लागला होता, तो पुसायचंही त्याला सुचेना. उद्या एजंट गिऱ्हाईक घेऊन खोली बघायला येणार होता आणि तेवढ्या वेळापुरतं आईला माहीमला मावशीकडे पाठवायचं होतं. मावशीला तुझी फार आठवण येते, असं त्यानेच तिला रचून सांगितलं होतं. ते खरं मानून आईने बहिणीसाठी वड्या करायला सकाळीच नारळ खवून ठेवला होता.

“आई, तू काही दाबलं नाहीस. मी पुसलं.”

“तू? कशाला?”

पुढचं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. खोली, एजंट, डोंबिवली. एका दमात बोलून मोकळं व्हायचं, बस. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“लॅपटॉप फार हळू चालत होता. म्हणून साफ केला.”

सुभद्राबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तरी त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांना नुसतंच वाईट वाटलं होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून त्या धडपडत होत्या. मग त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि लेव्हल एक सुरू केली. तीनच रंगांचे बुडबुडे. पोरासोरांचा खेळ.

“असू दे. तुझी अडचण होती, केलंस,” एक बुडबुडा फोडत त्या म्हणाल्या. “पण आधी सांगायचं ना रे. मी काय नाही म्हटलं असतं? शेवटचं एकदा बघून घेतलं असतं, एवढंच.”