माशांची भीती

"एकशे नव्वद," डॉक्टर हाल्मे म्हणाल्या आणि आजोबांच्या दंडावरचा पट्टा सोडला. "ताहवो, तुम्ही गोळी रोज घेता ना?"

"रोज सकाळी. कॉफीबरोबर," आजोबा म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले, की वेनला नुसती बघतच राहिली. कारण तिच्या पाठपिशवीत त्याच गोळ्यांची चार खोकी होती आणि चारही सीलबंद. आजच सकाळी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या सरपणामागे सापडलेली. गाडीत विचारते विचारते म्हणेपर्यंत आरोग्य केंद्र आलंसुद्धा.

"मग ही गोळी पुरत नाहीये. परवा चक्कर येऊन होडीच्या धक्क्यावर पडलात, उद्या पाण्यात पडाल. कुओपियोच्या मोठ्या इस्पितळात दाखल करते तुम्हाला. तिथे दुप्पट देतील, नर्स समोर उभी राहून."

"नर्स देखणी असेल तर तिप्पट द्या," आजोबा म्हणाले आणि वेनलाकडे असं बघितलं, की गप्प बस.

जी गोळी घेतलीच नाही, तिची एकदम दुप्पट? बोलायला तर हवंच होतं. पण खोकी सापडली तेव्हाच तिला कळलं होतं, हे कुणामुळे झालं ते.

तिने खोकी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी एक उलटंसुलटं करून बघितलं. "ताहवो?"

"मला काय विचारता, शिकलेली ती आहे. जूनच्या शेकोटीला सगळ्यांदेखत म्हणाली, आपण औषधं गिळतो ती लघवीतून तळ्यात जातात. मग लहान माशांची भीतीच जाते. खुशाल मोठ्याच्या तोंडापुढे जाऊन उभे राहतात. साठ वर्षं त्या तळ्यातलं खातोय मी, डॉक्टर."

"आजोबा, ते चिंतेवरच्या गोळ्यांचं होतं," वेनलाचा आवाज चिरकलाच. "रक्तदाबाच्या नाही."

"तू औषधं म्हणालीस."

म्हणालीच होती. सगळे तिचंच ऐकत होते, कुणी सॉसेज भाजायचं थांबलं होतं, आणि 'औषधं' म्हटलं की कसं मोठं वाटतं. एकाच गोळीचं कोण ऐकून घेतं?

डॉक्टरांनी कुओपियोची चिठ्ठी रद्द केली. ग्लासभर पाणी आणलं, खोकं फोडलं, एक गोळी आजोबांच्या तळहातावर ठेवली. आजोबांनी तो हात वेनलापुढे धरला.

"हिचं काय होतं तळ्यात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. कधी बघितलंच नव्हतं. "घ्या ना, आजोबा. प्लीज."

त्यांनी तिच्याकडेच बघत गोळी गिळली आणि ग्लास पार रिकामा केला. अर्धा तास बाहेर बसा, पुन्हा दाब बघू, डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आजोबा जेमतेम दहा मिनिटं बसले. मग उठले, भिंतीला धरून धरून संडासाच्या दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. बाकांवरची माणसं वर बघायला लागली.

"जाऊ ना, वेनला?"