शिवणीखालचं अस्तर

"शिवणीवर शिवण आली की पाणी झिरपतंच," रेनकोट शिवणारे दिगंबर पिसे डॉक्टरांना म्हणाले. तीन वर्षांच्या नातवाची लघवीची वाट जन्मतःच अर्धवट होती. पहिल्या ऑपरेशननंतर ती टाक्यांतून गळायला लागली होती.

"म्हणून या वेळी कातडीखालचाच पातळ थर मधे घालतो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे अस्तर. मग हरकत नाही."

दुसऱ्या ऑपरेशननंतर आठवड्यानं लघवीची नळी निघाली, डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. पिसे हलेनात. "ट्रायल झाल्याशिवाय आम्ही माल हलवत नाही."

दोन शहाळी संपली तरी नातू ढिम्म. शेवटी डॉक्टरच वाकून टाके बघायला गेले आणि एकच सरळ धार त्यांच्या ॲप्रनवर आदळली.

"टाक्यांतून थेंब नाही," पिसे डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी भिजलेला ॲप्रन चिमटीत धरून चाचपला.

"ह्याला मात्र अस्तर नाही."